ऑटिझम: थेरपीला न्यायचं की घरीच करून घ्यायचं?

निदान झालं की घरात पहिला वाद याचाच होतो. मुलाला रोज सेंटरला न्यायचं, की शिकून घेऊन घरीच करायचं? आजरा-चंदगडसारख्या लांबच्या तालुक्यांतून कोल्हापूरला येणाऱ्यांपुढे तर हा प्रश्न एसटीच्या वेळापत्रकासकट उभा राहतो.

सेंटरचा खरा फायदा म्हणजे तिथली सरावलेली नजर. पोरगं चवड्यांवर का चालतं, भाताचा घास गालात का धरून बसतं, शर्टाच्या कॉलरला हात लागला की का किंचाळतं, हे चांगल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (ओटी) पटकन लक्षात येतं. आपण वर्षभर त्यालाच ‘हट्ट’ म्हणत असतो. पण सेशन असतं पाऊण तासाचं. शिवाय ऑटिझममध्ये एका जागी शिकलेलं दुसरीकडे आपोआप येत नाही. टेबलावर सगळे रंग ओळखणारं मूल घरी तहान लागली तरी पाणी मागत नाही.

घरी मात्र मागायचे प्रसंग दिवसभर येतात. भडंगाचंच घ्या. बरणी हाताशी ठेवायची, पण झाकण घट्ट लावायचं. मूल ती आणून तुमच्या हातात देईल. लगेच उघडू नका. त्याच्या समोर, त्याच्या उंचीला बसा आणि मनात दहा मोजा. नजर वर आली, बोट लागलं, नुसता ‘उ’ निघाला तरी चालेल. ‘उघड’ म्हणा, उघडा आणि चिमूटभरच द्या, म्हणजे ते परत मागायला येईल. यात आजीला आवरणं सगळ्यात अवघड! नातवाने नुसतं बघितलं तरी तिचं झाकण उघडलेलं असतं.

हे नुसतं माझं मत नाही. शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकवलं. पालकांचे प्रतिसाद सुधारले आणि मुलं आपणहून आईबापांशी संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं मात्र नाही, आणि पालकांना तिथे शिकवणारं कुणीतरी होतं. यूट्यूब बघून केलेली थेरपी म्हणजे हे नव्हे.

घरच्या मार्गाचा तोटा कुणी उघड बोलत नाही: सगळा भार आईवर पडतो. संध्याकाळचं जेवण किंवा अंघोळ यातलं एक बाबांनी कायमचं अंगावर घेणार असाल, तरच हा मार्ग धरा. आणि मूल डोकं आपटून घेत असेल, फिट येत असेल, येत असलेले शब्द गेले असतील, तर घरी प्रयोग करत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

पैशाचं थोडक्यात: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या. ते असलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंतच्या खर्चाची सोय होते, त्यात थेरपीही येते.

मला विचाराल तर घर मुख्य, सेंटर जोडीला. सेंटर निवडताना फीच्या आधी विचारा, ‘आम्ही आत बसू का?’ ‘बाहेर थांबा’ असं उत्तर आलं आणि नंतरही काही शिकवणार नसतील, तर दुसरं बघा. लांबून येणाऱ्यांनी पंधरा दिवसांनी आलं तरी चालेल, पण घरच्या जेवणाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन या. नवख्या खोलीत मूल जे करणार नाही, ते थेरपिस्टला त्यात दिसेल.