रीट घेताय? आधी व्याजदर बघा, मग भाडेकरू

रीट म्हणजे ऑफिस पार्क किंवा मॉलच्या भाड्यातला वाटा, शेअरसारखा डीमॅटमध्ये. भारतातलं पहिलं एम्बसी ऑफिस पार्क्स एप्रिल २०१९ मध्ये ३०० रुपयांच्या भावाने आलं. ऐरोली, खराडीतली पार्क हाताशी असलेलं माइंडस्पेस ऑगस्ट २०२० मध्ये २७५ ला आलं, मॉलवालं नेक्सस मे २०२३ मध्ये १०० ला. रीटच्या एका हिश्श्याला युनिट म्हणतात; आता एक युनिटही घेता येतं. बाजाराची नियामक सेबी, तिच्या नियमाने किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण आणि भाडं देणारी लागते, आणि वाटपयोग्य रोकडीतला ९० टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो. हे दोन नियम हीच या गुंतवणुकीची खरी ताकद.

पण 'भाडं पक्कं, म्हणजे भावही पक्का' हा समज काढून टाका. समजा युनिटमागे वर्षाला २० रुपये मिळतात. बाजार साडेसहा टक्के परताव्यावर खूश असेल तर भाव ३०८ च्या आसपास राहील. व्याजदर वाढले आणि लोक साडेसात टक्के मागू लागले की तोच भाव २६७. एकही भाडेकरू न जाता १३ टक्के गेले! मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा हाच ताण होता. शिवाय रीटला मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांपर्यंत निव्वळ कर्ज काढता येतं. दर वाढले की कर्जाचा हप्ता वाढतो आणि वाटप घटतं, म्हणजे मार दुहेरी.

फ्लॅटचा भाव असा हलताना दिसत नाही, म्हणून तो स्थिर वाटतो. मंदीत मालक सांगितलेला आकडा सोडत नाही, 'बसून बोलू' म्हणतो आणि जागा आठ-आठ महिने पडून राहते. घसरण तिथेही असते, फक्त व्यवहार होईपर्यंत कळत नाही. पुण्यात घेतानाच ७ टक्के मुद्रांक शुल्क जातं, ते वेगळंच. रीटमध्ये एवढा खर्च नाही, चार पैसे हवे तेव्हा मोकळे होतात. आमच्या मते हा फार मोठा फायदा आहे.

तिमाही अहवालात आधी भरलेली जागा किती ते पाहा, मग पुढच्या दोन वर्षांत किती करार संपतात ते. तीन वर्षांनी १५ टक्के भाडेवाढ ही ऑफिस करारांतली नेहमीची अट, पण करारच संपला तर तिचा उपयोग शून्य. एसईझेडमधली, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातली, जागा जास्त असेल तर अधिक खोलात जा. तिथे नव्याने येणाऱ्या कंपन्यांची आयकर सवलत २०२० मध्ये संपली, त्यात घरून काम सुरू झालं, आणि ते मजले भरेनात. डिसेंबर २०२३ पासून मजलानिहाय एसईझेडमधून बाहेर पडता येतं, त्यामुळे ही अडचण सैल झाली आहे.

गोंधळ होतो तो वाटपाच्या पावतीवर. व्याज, लाभांश आणि कर्जफेड (रीटने आपल्याच कंपन्यांना दिलेल्या कर्जाची परत आलेली रक्कम) असे वेगवेगळे रकाने असतात. व्याजावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. कर्जफेडीची रक्कम मात्र तुमच्या खरेदी किमतीतून वजा होते, विकताना नफा तेवढा वाढतो. ती धरून 'सात टक्के उत्पन्न' सांगणाऱ्याचं ऐकू नका.

खरेदीआधी दर युनिटचं निव्वळ मालमत्ता मूल्य (मालमत्तेतून कर्ज वजा करून) काढून भावाशी ताडा. ऑर्डर लिमिट लावूनच, म्हणजे जास्तीत जास्त भाव ठरवूनच टाका. काही रीटमध्ये उलाढाल कमी असते, मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, दोन-तीन रुपये वर भरली जाऊ शकते.