कपाळाची थर्मामीटर गन आणि जिभेखालचं साधं थर्मामीटर: गरोदरपणातल्या तापाचा अनुभव

गन १,६०० रुपयांची, साधं डिजिटल थर्मामीटर १७० रुपयांचं. दोन्ही सहा-सात महिने वापरलीत. दिवस राहिलेल्या कुणी गन घ्यायला निघाली असेल तर आधी हे वाचा.

गेल्या जुलैत, दुसरा महिना चालू असताना, संध्याकाळी मला हुडहुडी भरून आली. गनने दाखवलं ९८.२. सासूबाईंनी पाठीला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, अंग चांगलं तापलंय तुझं." नवऱ्याने मेडिकलमधून साधं थर्मामीटर आणलं. जिभेखाली १०२.४!

चार अंशांहून जास्त फरक, आणि तोही या दिवसांत. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. त्या सुमारास ताप १०२ च्या वर टिकला तर या नळीत दोष राहण्याचा धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय. फॉलिक अ‍ॅसिड सुरुवातीपासून देतात तेही याच नळीसाठी. गनवर विसंबून मी पांघरूण घेऊन झोपले असते, तर रात्रभर ताप अंगात राहिला असता. याचा राग अजून जात नाही.

डॉक्टर मॅडमना फोन लावला तर पहिला प्रश्न, "ताप किती?" पॅरासिटामॉल लगेच घ्यायला सांगितली, पुढची गोळी सहा तासांनी. घरात आयबुप्रोफेनवाली गोळी होती, तिला हातही लावू नका म्हणाल्या. गरोदरपणात ती नकोच, आणि डेंग्यू असला तर रक्तस्रावाची भीती. सकाळी सीबीसी, डेंग्यू, मलेरिया, लघवीची तपासणी. लघवीत इन्फेक्शन निघालं, या दिवसांत चालणारं अँटिबायोटिक मिळालं आणि ताप उतरला. (सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतून, गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याने बाळाला ऑटिझम होऊ शकतो, अशी बातमी आली तेव्हा नातेवाइकांचे फोन सुरू झाले. तसा ठोस पुरावा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलंय. गरोदरपणात अंगावर ताप काढणं जास्त वाईट.)

आता गनचं. सर्व्हिस सेंटरने बिल मागितलं, बॉक्स मागितला, कुरिअरचा खर्च माझ्या माथी मारला आणि "दोष आढळला नाही" असा शेरा मारून गन परत पाठवली. मॅडमनी कारण सांगितलं ते पटलं: थंडी वाजते तेव्हा कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून ताप चढत असताना कपाळ गारच लागू शकतं. वर घाम असेल, पंखा चालू असेल तर आकडा आणखी घसरतो. म्हणजे ताप चढत असतो, नेमकी तेव्हाच गन फसू शकते. हे खोक्यावर ठळक छापायला काय हरकत आहे?

साध्या थर्मामीटरलाही आधी मी दोनच तारे देणार होते. मळमळीमुळे तोंडात धरवेना, म्हणून काखेत लावायचे. तिथे आकडा अर्धा-एक अंश कमी येतो आणि बीपही घाईने वाजतो. जिभेखाली, ओठ मिटून, चहानंतर अर्धा तास थांबून मोजायला लागले तसं मत बदललं. आता चार तारे. एक तारा कापला कारण मागचा आकडा दिसतो, पण वेळ दिसत नाही. गोळी कधी घेतली, ताप कधी किती होता, हे सगळं कालनिर्णयच्या चौकोनात लिहावं लागलं. मॅडमनी तेच पान मागून घेऊन पाहिलं. पहिल्या महिन्यांत संध्याकाळी ९९ दिसलं तर घाबरू नका, हार्मोन्समुळे अंग थोडं गरम असतंच, १००.४ झाला की मात्र डॉक्टरांना फोन करा.

बाळासाठी तसंच दुसरं साधं थर्मामीटर आणून ठेवलंय, काखेत लावायला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ म्हणजे थेट दवाखाना, तिथे गनवर माझा भरवसा नाही. कंपनीला पुन्हा मेल केलाय. गनचे पैसे देत नसाल तर निदान कुरिअरचे तरी परत करा.