डुपगुरू: कॉप्या शोधायला पक्कं, लग्नाच्या फोटोंवर मात्र जपून

डुपगुरू म्हणजे डिस्कवरच्या एकसारख्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. शहापुरातल्या आमच्या स्टुडिओत ते आता कायमचं कामाला आहे. फक्त पोरांना एक ताकीद देऊन ठेवलीय: लग्नाच्या फोल्डरवर 'पिक्चर' मोड लावायचा नाही. का, ते पुढे येईलच.

कॉप्या वाढतात कशा हे फोटो-व्हिडिओवाल्यांना सांगायला नको. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक संध्याकाळी सुरू होते ती सकाळपर्यंत चालते. रात्रभराचं शूटिंग, आणि नंतर प्रत्येक मंडळाचं वेगळं फोल्डर. "आमचा रथ तर घालाच, पुढचं ढोलपथक बी घाला की," म्हणत पोरं पेनड्राइव्ह पुढे करतात. मग ढोलपथकाची तीच क्लिप निम्म्या फोल्डरांत जाऊन बसते. लग्नसराईत वेगळाच घोळ. एकाने दुपारी कार्ड उतरवलेलं असतं, दुसरा संध्याकाळी येतो आणि तेच कार्ड 'खानापूर हळद नवीन' नावाने परत उतरवतो. याला कुणी बॅकअप म्हणत असेल तर म्हणो बापडा; एकाच डिस्कवरच्या दोन कॉप्या डिस्क गेली की दोन्ही जातात.

वापरायला सोपं आहे. फोल्डर आत ओढायचं, मोड निवडायचा, स्कॅन दाबायचं. नावावरून शोधायची सोय आहे, पण कॅमेऱ्याच्या फाइलींना ती बिनकामाची. निकॉनचा नंबर 9999 ला पोचला की परत 0001 पासून सुरू होतो. म्हणजे निपाणीची नवरी आणि चिकोडीचं बारसं एकाच नावाने डिस्कवर नांदत असतात. तेव्हा 'कंटेंट्स' निवडा. फाइलींची साइज जुळली तरच ते आतला डेटा ताडून बघतं. नाव काहीही असो, बाइट न बाइट सारखी असलेलीच पकडतं. इथे माझा त्याच्यावर पूर्ण भरवसा आहे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट 'रेफरन्स'. मूळ फोल्डरला रेफरन्स म्हणून खूण केली की त्यातल्या फाइली यादीत दिसतात, पण त्यांच्यावर टिकच करता येत नाही. नवख्या पोराच्या हातात माउस दिला तरी मूळ शूटिंग शाबूत राहतं. ही एक सोय नसती तर मी हे सॉफ्टवेअर दुकानात वापरूच दिलं नसतं.

आता जागेचं. डिलीट दाबल्यावर फाइली रिसायकल बिनमध्ये जातात, आणि ड्राइव्ह पूर्वीइतकाच लाल दिसतो. "काही उपयोग नाही ओ याचा, जागा हाय तेवढीच हाय," हे मी दुकानात ऐकलंय. अहो, बिन प्रत्येक ड्राइव्हचा वेगळा असतो, त्याच ड्राइव्हवर लपवलेल्या फोल्डरात. फाइल तिथून हललेलीच नसते. बिन रिकामा केल्यावरच जागा सुटते. फोटो एडिट करायच्या लाइटरूममध्येही असंच फसायला होतं. तिथे नुसतं 'रिमूव्ह' केलं तर फोटो कॅटलॉगमधून, म्हणजे लाइटरूमच्या यादीतून जातो, डिस्कवर तसाच राहतो. डिजिकॅम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर तर डिलीट केलेले फोटो स्वतःच्याच लपवलेल्या कचरापेटीत ठेवतं, विंडोजचा बिन कितीही रिकामा करा.

मंडळांच्या फोल्डरांसाठी मी डिलीट करताना हार्ड लिंकचा पर्याय घेतो. क्लिप प्रत्येक फोल्डरात दिसते, डिस्कवर जागा एकदाच खाते. फोल्डरची प्रॉपर्टी काढून साइज बघू नका, तिथे ती पूर्वीइतकीच दिसणार. ड्राइव्हवर रिकामं किती, ते बघा. मात्र दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर हवेत आणि ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) हवा. एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटच्या पोर्टेबल डिस्कवर हे जमत नाही.

डुपगुरूला जे सापडत नाही ते वेगळंच प्रकरण. 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल नक्की' असे एकाच लग्नाचे तीन एक्स्पोर्ट पडलेले असतात. माणसाला ते सारखे, पण आतून वेगळे. कंटेंट्स मोड त्यांना हातही लावत नाही. व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमियरची मीडिया कॅश, म्हणजे ते कामापुरत्या बनवून ठेवतं त्या फाइली, याही त्याच्या नजरेत येत नाहीत, आणि सी ड्राइव्ह भरतो तो बऱ्याचदा त्यांच्यानेच. अशा वेळी मी विनडिरस्टॅट उघडतो. ते अख्खी डिस्क रंगीत चौकोनांत मांडतं, मोठी फाइल म्हणजे मोठा चौकोन. कुठे काय बसलंय ते लगेच कळतं. ते पण फुकट.

पिक्चर मोड दिसायला सारखे फोटो शोधतो, आणि नेमकं तेच आमच्या धंद्यात घातक. अक्षता पडताना बटण दाबून धरून काढलेले फोटो त्याला सगळे एकच वाटतात. त्यातल्या एकातच नवरीचे डोळे उघडे आणि मामा बाजूला सरकलेले असतात, हे त्याला काय माहीत!

घरच्या कॉम्प्युटरवर मात्र हाच मोड उपयोगी. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे आतेभावाने पाठवलेला फोटो आणि तुमच्या मोबाइलमधला मूळ फोटो कंटेंट्स मोडला कधीच सारखे वाटणार नाहीत. पिक्चर मोड लावा, सेटिंगमध्ये वेगवेगळ्या मापाचे फोटोही जुळवायचा पर्याय सुरू करा (तो आधीपासून सुरू नसतो), फिल्टर हार्डनेस (फोटो किती तंतोतंत जुळायला हवेत ते) वरच ठेवा. आणि सगळ्यांवर एकदम टिक न करता एकेक गट उघडून बघा, मोठ्या मापाचा ठेवून बारका काढा.