बॉस्टन बेक्ड बीन्स: ओव्हन की स्लो कुकर?

नुकतीच बॉस्टनला आलेली भाची विचारत होती, "मावशी, बीन्स ओव्हनमध्ये करू की स्लो कुकर घेऊ?"

स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर कित्येक तास शिजवणारं विजेचं भांडं. पूर्वतयारी दोन्हीला सारखीच. नेव्ही बीन्स (छोटे पांढरे घेवड्याचे दाणे) रात्रभर भिजवायचे, सकाळी नव्या पाण्यात उकळायचे. चमच्यातल्या दाण्यांवर फुंकर मारली की साल सुटून वळली पाहिजे. मोलॅसिस (उसाची दाट, काळी काकवी) त्यानंतरच घाल, नाहीतर दाणे तासन्‌तास टणक राहतात. मोहरी, कांदा आणि खारवलेलं पोर्क. तू खात नाहीस, तर थोडं तेल.

चवीला ओव्हनच सरस. १५० अंश सेल्सिअसला मातीच्या भांड्यात सहा-सात तास. शेवटच्या तासाला झाकण काढलं की वरचे दाणे काळपट होतात, रस आटून चिकट होतो. स्लो कुकरमध्ये वाफ कोंडते, रस पातळच राहतो. पाणी बेतानं घाल.

कष्ट मात्र ओव्हनला जास्त: तासातासाला पाणी बघावं लागतं. स्लो कुकर लावून कामावर जाता येतं, वीजही कमी लागते. त्यात राजमा घालणार असशील, तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळच. मंद आचेवर त्यातलं विष जात नाही.

थंडीतल्या शनिवारी घरीच असशील तर ओव्हन. कामाच्या दिवशी स्लो कुकर.