फोल्डस्कोप: कागदाचा मायक्रोस्कोप, तीन महिने वापरून झाल्यावर

आधी एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का घेतलं ते कळेल. आमच्या शाळेत मायक्रोस्कोप एकच होता आणि तो कायम काचेच्या कपाटात कुलपात. वर्षातून एकदा बाहेर निघायचा, 60 मुलांची लाईन लागायची, हात लावायचा नाही, वाकून नुसता डोळा लावायचा आणि पाच-दहा सेकंदात बाजूला व्हायचं. मला काळं गोल दिसलं, सरांनी "दिसलं ना?" विचारलं, मी हो म्हटलं आणि पुढे गेले. कांद्याची पेशी मी खरोखर पाहिली ती यंदा, वयाच्या 41व्या वर्षी, स्वतःच्या किचनच्या खिडकीत उभं राहून, आणि खरं सांगते डोळे भरून आले.

लेक सातवीत आहे, पेशींचा धडा चालू होता, धड्यातली आकृती काढून रंगवून झाली होती पण "आई हे खरंच असं दिसतं का" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून फोल्डस्कोप मागवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टॅनफोर्ड युनिव्हर्सिटीतले मनू प्रकाश आणि त्यांचा तेव्हाचा विद्यार्थी जिम सायबुल्स्की यांनी हे बनवलंय. प्रकाश मूळचे मीरतचे, शिकले आयआयटी कानपूरला. सुरुवातीचा विचार मलेरियासारख्या रोगांच्या तपासणीचा होता, की लॅब नाही वीज नाही अशा ठिकाणी खिशातून नेता येईल असं काहीतरी हवं आणि ते इतकं स्वस्त हवं की मोडलं तरी कोणी ओरडणार नाही. 2014 मध्ये त्यांनी डिझाईन रिसर्च पेपर म्हणून छापलं, त्यात सामानाचा खर्च 1 डॉलरच्याही आत दाखवला होता, आणि त्याच वर्षी 10,000 मायक्रोस्कोप लोकांना पाठवायचा उपक्रम काढला. आता तो शंभराहून जास्त देशांत पोचलाय. आपल्याला किट त्या 1 डॉलरला मिळत नाही हे आधीच सांगते, सोबत काय काय येतं त्यावर भाव आहे.

मी डबीतलं मोठं किट घेतलं. उघडल्यावर जाड, पाण्याने न भिजणाऱ्या कागदाचे सपाट तुकडे निघतात, ते काढायचे आणि रंग जुळवून घड्या घालायच्या, ओरिगामीसारखं. लेकीने आणि मी मिळून अर्ध्या तासात जोडला. त्यातली सगळी जादू एका काचेच्या गोळीत आहे, तीच याचं भिंग, जेमतेम अडीच मिलिमीटरची, मोहरीच्या दाण्याएवढी म्हणा. तेवढ्या गोळीतून वस्तू 140 पट मोठी दिसते. 1670च्या दशकात हॉलंडमधल्या लेवेनहुकने असल्याच एका भिंगातून तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले होते, तो कापडाचा व्यापारी होता, शास्त्रज्ञ वगैरे कोणी नव्हता. हे लेकीला सांगितलं तर म्हणाली मग आपण पण बघू शकतो की.

पहिला दिवस कांद्याचा. पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने ओढायचा, स्लाईडवर पसरायचा, मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन एक थेंब, वरून कव्हरस्लिप म्हणजे पातळ पारदर्शक झाकण, आणि खिडकीकडे तोंड करून डोळा अगदी चिकटवायचा, पापण्या कागदाला लागतात इतका. दोन्ही अंगठ्यांनी कागद हळू सरकवत राहायचं. आधी नुसतं पिवळं धुकं होतं, मग एकदम विटांची भिंत उभी राहिली, आणि जवळजवळ प्रत्येक विटेत एक गडद ठिपका. लेक ओरडलीच, "आई केंद्रक!!" तो शब्द तिने त्याआधी शंभर वेळा लिहिला असेल.

मग आम्ही थांबलोच नाही. जास्वंदाचे परागकण बघाच, नुसत्या डोळ्यांना पिवळी पूड वाटते ती म्हणजे काटेरी चेंडू आहेत, अक्षरशः अंगभर काटे. डासाच्या पंखावर शिरांच्या कडेने खवले असतात हे मला आजवर माहीत नव्हतं. मनीप्लांटच्या बाटलीतलं जुनं पाणी पाहिलं तर त्यात चपलेच्या आकाराचे जीव सुळकन इकडून तिकडे जातात, पॅरामेशियम असावेत, त्या दिवशी जेवण गार झालं तरी कोणी उठलं नाही. लोहचुंबकाची रिंग लावून मोबाईलवर व्हिडिओ पण काढता येतो आणि माझ्या मते ते फार कामाचं आहे, कारण तेव्हा चार जण एकदम बघतात आणि "हे काय, ते काय" सुरू होतं.

आता अडचणी. उजेड भरपूर लागतो, ढगाळ दिवशी खिडकीवर काम होत नाही, किटमधला एलईडी लावावा लागतो. सूर्याकडे धरून कधीही बघू नका, मुलांना हे आधी दहादा बजावा. एका वेळी दिसतो तो भाग छोटा असतो, त्यामुळे हवी ती गोष्ट शोधायला वेळ जातो आणि लहान मुलं कंटाळतात, माझा पाच वर्षांचा भाचा दोन मिनिटांत पळाला. साधारण नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांना द्या. दह्यातले बॅक्टेरिया नीट दिसतील अशी आशा ठेवू नका, 140 पट त्याला कमी पडतं. आणि रक्त बघून घरी रोगाचं निदान करायला हे नाही, त्याला लॅबच हवी.

बाजारात याच्याच आसपासच्या भावात प्लॅस्टिकचे खेळण्यातले मायक्रोस्कोप मिळतात, खोक्यावर 1200 पट लिहिलेलं असतं. आम्ही मागच्या वर्षी एक घेतला होता, नाव नाही घेत, त्यात फक्त मोठं धूसर दिसायचं. आकड्याला भुलू नका, स्पष्ट किती दिसतं ते बघा. शिक्षक मंडळींना सांगणं एवढंच की एक मोठं किट घेऊन परत कपाटात ठेवू नका, त्यापेक्षा साधे बरेच घ्या आणि मुलांना स्वतः जोडू द्या, घरी नेऊ द्या. एखादा फाटेल, गोळी हरवेल, हरवू दे. जोडताना घडी चुकली, उलगडली, परत घातली यातच मुलाला कळतं की भिंग कुठे, वस्तू कुठे, उजेड कुठून.

दिवाळीत बिल्डिंगमधल्या मुलांसाठी अजून दोन घेतले. परवा संध्याकाळी जिन्यात सहा जण बसले होते, एकाकडे मुंगीचा पाय, एकीकडे तुळशीच्या पानावरची लव, आणि तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, जी एरवी कोणाशी बोलत नाही, ती बाकीच्यांना समजावत होती की हलवू नको, अंगठा जरा आत घे, थांब, आता बघ. ती स्वतः बराच वेळ एकाच स्लाईडवर होती. कोणी तिला पुढे सरक म्हटलं नाही.