जुने घर दुरुस्त करावे की दुसरे घ्यावे? ठाण्यातील घरमालकांसाठी तुलनात्मक आढावा

नौपाडा, चरई किंवा पाचपाखाडी येथील तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबात घराचा विषय निघाला, की चर्चा टाइल्स आणि मॉड्युलर किचनपासून सुरू होते. माझ्या मते ती सर्वांत शेवटी व्हावी. घर ठेवायचे की सोडायचे हे मुख्यत्वे इमारतीच्या प्रकृतीवर ठरते, म्हणून सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल आधी मागून घ्यावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) 15 ते 30 वर्षे जुन्या इमारतीचे ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर 3 वर्षांनी करणे अपेक्षित आहे. इमारत सी-1 म्हणजे अतिधोकादायक श्रेणीत असेल, तर नूतनीकरणाचा प्रश्नच उरत नाही. सी-2बी किंवा सी-3 श्रेणीत, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होण्याजोगी असेल, तर पुढचा विचार करता येतो.

दुसरा मुद्दा पुनर्विकासाचा. 2019 च्या शासन निर्णयानंतर एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती त्यासाठी पुरेशी ठरते. मात्र पुनर्विकासाची नुसती बोलणी वर्षानुवर्षे चालतात, तेव्हा विकासकाशी करारनामा झाला आहे का, एवढेच विचारावे. झाला असेल, तर गळती आणि वायरिंगपलीकडे खर्च करू नये, कारण नवे स्नानगृहही इमारतीबरोबरच जमीनदोस्त होणार.

पैशांच्या बाबतीत तुलना बरीच एकतर्फी आहे. समजा, 80 लाखांचे घर विकून ठाण्यातच 1 कोटीचे घेतले. 7 टक्के दराने मुद्रांक शुल्क 7 लाख, नोंदणी शुल्क 30 हजार आणि दोन्ही व्यवहारांवर 1 टक्का दलाली धरली तर 1 लाख 80 हजार, म्हणजे एकही खोली न वाढता नऊ लाखांहून अधिक रक्कम जाते. खरेदी केवळ महिलेच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात मात्र साधारणतः 5 टक्के जीएसटी वाढतो. एवढ्या रकमेत लहान घराचे नळ, वायरिंग, वॉटरप्रूफिंग आणि लादी असे बहुतेक काम होऊ शकते. करसवलतीचे पारडे तेवढे खरेदीकडे झुकते: जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या खरेदीकर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला 2 लाखांपर्यंत मिळते, तर दुरुस्तीच्या कर्जावर ती 30 हजारांवरच थांबते.

नूतनीकरणाच्या मर्यादाही ओळखाव्यात. वरच्या मजल्यावरील शौचालय गळत असेल, तर वरच्या सभासदाने काम करेपर्यंत आपल्या छताला कितीही रंग दिला तरी व्यर्थ. लोड बेअरिंग इमारतीत भिंतीच भार वाहतात, त्यामुळे हॉल मोठा करण्यासाठी भिंत पाडण्याचा सल्ला देणाऱ्या कंत्राटदाराला आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र आणायला सांगावे. शिवाय लिफ्ट, पार्किंग आणि वाढत्या मुलांसाठी वेगळी खोली या तीन गोष्टी दुरुस्तीतून मिळत नाहीत. त्यांची खरी गरज असेल, तर वरील नऊ लाखांचा खर्चही समर्थनीय ठरतो, असे मला वाटते.

स्थलांतर करताना बहुतेकांची नजर घोडबंदर रोडकडे वळते. तिथे त्याच पैशांत मोठी जागा मिळते. पण नौपाड्यातून स्टेशनला पायी जाणाऱ्या माणसाला पुढे रोज रिक्षा किंवा बसने वाहतूक कोंडीतून जावे लागेल, आणि काही संकुले उन्हाळ्यात टँकरवर चालतात, हे तिथल्या रहिवाशांकडूनच विचारून घ्यावे. वडाळा-कासारवडवली मेट्रो आपल्या स्थानकापर्यंत प्रत्यक्ष धावत असेल तरच तिचा हिशेब धरावा. नवी मुंबईत वाशी किंवा नेरूळला सिडको या शासकीय महामंडळाच्या भाडेपट्ट्यावरील जुने घर घेत असाल, तर हस्तांतरणासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्क लागते. ते कोणी भरायचे हे टोकन देण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.