प्रिन्स्टन वर्डनेट की ओपन इंग्लिश वर्डनेट?

इंग्रजी मजकुरातल्या शब्दांचे अर्थ प्रोग्रामकडून ओळखून घ्यायचे, तर एनएलटीके या पायथनच्या भाषा-साधनसंचात ‘वर्डनेट’ (शब्दांचे अर्थ आणि त्यांचे संबंध मांडणारा कोश) म्हणून जे उतरतं ते प्रिन्स्टन विद्यापीठाचं ३.०. २००६ सालचं, १,१७,६५९ सिनसेटचं, म्हणजे एकाच अर्थाच्या शब्दांच्या इतक्या गटांचं. ओपन इंग्लिश वर्डनेट ही प्रिन्स्टनच्याच ३.१ वरून निघालेली शाखा, २०१९ पासून नव्या आवृत्त्या काढणारी. रचना जवळपास तीच, म्हणून तिच्यात शिरत नाही.

मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंबद्दलच्या इंग्रजी तक्रारी मी अर्थानुसार लावत होतो. ‘टॅब्लेट चार्ज होत नाही’ ही तक्रार औषधाच्या गोळीखाली गेली. ३.० मध्ये या शब्दाचे अर्थ म्हणजे मजकूर कोरायची पाटी, कागदांचं पॅड, दाबून केलेली वडी आणि औषधाची गोळी. ‘क्लाउड’चंही तसंच: ढग आहे, किड्यांचा थवा आहे, संशयाचं सावट आहे, डेटा साठवायचा क्लाउड नाही. ‘सेल्फी’सारखा शब्दच कोशात नसेल तर तो निदान न सापडलेल्या शब्दांच्या यादीत दिसतो. शब्द आहे पण हवा तो अर्थ नाही, तेव्हा प्रोग्राम अडत नाही. यादीतलाच एखादा अर्थ बिनदिक्कत चिकटवून पुढे जातो. अचूकतेच्या आकड्यांतही हे उघड होत नाही. असे प्रोग्राम ज्यावर शिकवतात आणि तपासतात तो सेमकॉर हा मजकूरसंच याच कोशाच्या अर्थांनी टॅग केलेला, म्हणजे शब्दाशब्दाला अर्थ लावलेला, आणि त्याचा मजकूर ब्राउन कॉर्पस या जुन्या इंग्रजी मजकूरसंग्रहातला, म्हणजे १९६१ सालचा. चार्ज होणारा टॅब्लेट तिथे येणार कुठून?

बरं, उणीव सापडली तरी कळवायची कुठे? निधी आणि मनुष्यबळाअभावी सूचना स्वीकारता येत नाहीत, असं प्रिन्स्टनच्या संकेतस्थळावरच लिहिलेलं आहे. ओपन इंग्लिश वर्डनेटचं काम गिटहब या खुल्या प्रकल्पांच्या संकेतस्थळावर चालतं. तिथे व्याख्या आणि उदाहरण देऊन अर्थाची मागणी नोंदवता येते, चर्चा सगळ्यांसमोर होते. प्रत्येक मागणी मान्य होईलच असं नाही, पण माझ्यापुरतं पारडं इथेच झुकलं.

विक्शनरी या कोणालाही बदलता येणाऱ्या ऑनलाइन शब्दकोशात नवे अर्थ लवकर येतात, हे खरं. पण तिथे अर्थांचा क्रम कोणीही बदलू शकतो. आज तिसऱ्या क्रमांकावर टॅग केलेला अर्थ वर्षभरानं पाचवा झालेला असू शकतो. उणिवा हुडकायला मी ती वापरतो, टॅगिंगला नाही.

जुन्या शोधनिबंधांतल्या निकालांशी तुलना करायची असेल तर मात्र ३.० ला पर्याय नाही, असं मला वाटतं. आणि मराठी वर्डनेट घेणार असाल तर ते हिंदी वर्डनेटच्या आधारे उभं राहिलं आहे हे ध्यानात ठेवा. ज्या मराठी अर्थाला हिंदीत जोड नाही, तो कोणीतरी मुद्दाम घातला तरच सापडेल.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी ओपन इंग्लिश वर्डनेटच सुचवेन. फक्त कोणत्या वर्षाची आवृत्ती घेतली ते टॅग केलेल्या फायलीतच लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीत अर्थांची भर पडली की जुनी टॅगिंग पुन्हा तपासावी लागते.